दोन गिरमिट, चार मिरची

मिरजेला गाडी बदलली की पुणं संपतं. पुढे मीटरगेजचा अरुंद डबा, लोंढ्याची दाट झाडी, मग धारवाड आणि काळी माती. तुम्ही हुबळीला उतरता ते साल आहे 1984. स्टेशन अजून दक्षिण मध्य रेल्वेचं आहे आणि इथला फलाट एक दिवस जगात सगळ्यांत लांब ठरेल, असं कुणी सांगितलं तर हमालसुद्धा हसेल.

मामा घ्यायला आलेत. घरात मराठी, बाहेर कानडी, आणि रागावले की दोन्ही एकदम. "मामी वाट बघत्येय," ते तुमची पिशवी खांद्याला लावत म्हणतात, "पण आधी कोप्पीकर रोडला गिरमिट खाऊ. घरी बोलू नकोस."

रस्ता संध्याकाळचा भरलेला आहे. कापडाची दुकानं, घड्याळाची दुकानं, सायकलींच्या घंटा. 'संयुक्त कर्नाटक' दैनिकाचं कार्यालय याच रस्त्यावर, तिथून सुटलेला एक जण मामांना हाक मारतो, "ऊटा आतेन री?" जेवण झालं का, हा इथला नमस्कार. थोडं पुढे 'दुर्गद बैल'चा बाजार लागतो, पण तुम्ही त्याच्या अलीकडेच आत वळता. हॉटेलला नाव आहे, पाटीवर रंगवलेलंही आहे, पण मामा मालकाच्या आडनावानेच त्याला ओळखतात.

"बर्री, कुंद्री," गल्ल्यावरून आवाज येतो. तुम्ही बाकावर बसता. टेबलाचा संगमरवर कोपऱ्यात उडालाय. आत आरोळी जाते: "एरडु गिरमिट, नाल्कु मिर्ची!"

आता स्वयंपाकघराकडे मान वळवा, कारण खरी गंमत तिथे आहे. कढईत मसाला आधीच शिजवून ठेवलेला: तेलात मोहरी-जिरं, हळद, भरपूर कांदा, हिरव्या मिरचीचं वाटण, चिंचेचा कोळ, गूळ. मागणी आल्याशिवाय चुरमुऱ्यांना हात लागत नाही. आरोळी ऐकली की पातेल्यात चुरमुरे पडतात, त्यावर पळीभर मसाला, फुटाण्याच्या डाळीचं पीठ, आणि हाताने भराभर खालीवर. वरून कच्चा कांदा, कोथिंबीर, शेव. सांगलीचं भडंग डब्यात भरून मुंबईच्या पाहुण्यांना देता येतं. गिरमिटाला तेवढा धीर नाही, बघता बघता मऊ पडतं. म्हणून इथे आधी खायचं, मग बोलायचं.

मिरची दुसऱ्या बशीत येते. लांब, फिकट हिरवी, पोटात मीठ-ओवा, अंगावर बेसनाचं जाड आवरण. मामा म्हणतात तिखट नसते. मामांवर विश्वास ठेवू नका.

डोळ्यांतलं पाणी ओसरल्यावर तुम्ही पिशवीतून आर्ची कॉमिक्स काढता आणि जगहेडचं चित्र दाखवता: तो जेव्हा बघावं तेव्हा हॅम्बर्गर खात असतो. मामा चष्मा वर करून पाहतात. "पावात काय आहे?" तुम्ही सांगता. मामा पुस्तक मिटून परत देतात आणि आणखी दोन मिरची मागवतात.

गिरमिटाला कुणी 'हुबळीचा बर्गर' म्हटलं तर मी भांडेन. पण दोघांचं काम एकच आहे, हे मान्य. अमेरिकेत विचिटा गावात 1921 साली व्हाइट कॅसल निघालं, मग गावोगावी बर्गरची छोटी हॉटेलं उघडली आणि तिथली म्हातारी माणसं आज त्यांच्या आठवणी काढून हळवी होतात. कामावरून सुटलेल्या माणसाला खिशाला परवडेल असं, गरम, ताबडतोब हवं असतं. विचिटात तसं आणि हुबळीतही तसंच.

आणखी मागे चला. 31 ऑक्टोबर 1956 ची रात्र, हाच रस्ता. तीन वर्षांपूर्वी जवळच्या अदरगुंचीत शंकरगौडा पाटलांनी कर्नाटकाच्या एकीकरणासाठी उपोषण केलं, तेव्हा हुबळी पेटली होती. आज बाराच्या ठोक्याला धारवाड जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात जाईल. तुम्ही गल्ल्यावर मराठीत विचारता, "मिरची आहे का?" तो मराठीतच म्हणतो, "संपली, उद्या या." उद्या राज्य दुसरं असेल, मिरची हीच.

आता झपाट्याने पुढे, 1996. बेकरीच्या काचेच्या कपाटात 'व्हेज बर्गर' आलाय: गोड बन, बटाट्याची टिक्की, काकडीची चकती, टोमॅटो सॉस. त्याच ऑक्टोबरात मॅकडोनाल्ड्स दिल्लीत आणि मुंबईत उघडलंय. बेकरीचा बर्गर खा, वाईट नाही. पण बन थंड आहे, आणि शेजारी मिरची तळली जातेय.

पुण्यात तेव्हा कॅम्पातलं इराणी जोडप्याचं 'बर्गर किंग' चांगलं चालू लागलेलं असतं. ते 1992 च्या सुमाराचं. त्याच नावाच्या अमेरिकन कंपनीचं भारतातलं पहिलं दुकान उघडलं 2014 साली, पण तिने पुण्याच्या हॉटेलवर दावा 2011 मध्येच लावला होता. ऑगस्ट 2024 मध्ये पुण्याच्या न्यायालयाने तो फेटाळला: कंपनीने इथे दुकान थाटण्याआधीपासून पुणेकर हे नाव वापरत होते. प्रकरण पुढे उच्च आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. अशा भांडणात 'आम्ही लहानपणी तिथे खायचो' याला फारशी किंमत नसते. कागद लागतो, तारखेचा.

कोप्पीकर रोडच्या हॉटेलांवर कुणी दावा लावेल असं नाही. तरी मामांच्या पिढीची माणसं चालली आहेत आणि पाट्या उतरताहेत. तुमच्या घरी हुबळी-धारवाडच्या एखाद्या हॉटेलचं जुनं बिल, मेन्यूकार्ड किंवा दारात उभं राहून काढलेला फोटो असेल, तर रद्दीत घालू नका. मागे साल लिहा, कोण कोण आहे ते लिहा, आणि काय खाल्लं तेही.