कार्यवाह (वैज्ञानिक व वैद्यकीय संघटनांचा)

शास्त्रज्ञ, अभियंते, डॉक्टर यांच्या व्यावसायिक संघटनांचे रोजचे काम चालवणारी व्यक्ती. तिला चिटणीस, मानद सचिव, सेक्रेटरी किंवा पगारी असल्यास कार्यकारी संचालक असेही म्हणतात. चिटणीस हा शब्द पत्रव्यवहाराशी जोडलेला आहे, आणि मराठी माणसाला तो शिवाजी महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी यांच्यामुळे ठाऊक आहे. सचिव हे महाराजांच्या अष्टप्रधानांतले पद होते. अण्णाजी दत्तो त्यावर होते आणि दफ्तराची तपासणी त्यांच्याकडे होती. पत्रे आणि दफ्तर ही दोन्ही कामे आजच्या कार्यवाहाच्या गळ्यात एकत्र पडली आहेत. सभासदांची नोंद, वर्गणी, सभांचे इतिवृत्त, नियतकालिक, अधिवेशन, हिशेबतपासणी आणि सरकारदरबारची कागदपत्रे हे त्याचे क्षेत्र. अध्यक्ष वर्षा-दोन वर्षांनी बदलतो. कार्यवाह बहुधा टिकून राहतो, आणि संस्थेला आठवण म्हणून जे काही असते ते त्याच्याच कपाटात असते.

किल्लारीचा संबंध. लातूर जिल्ह्याच्या औसा तालुक्यातील किल्लारी हे गाव अशा एखाद्या संघटनेचे ठिकाण नाही. तरीही या पेशाचे मोल समजून घ्यायला मराठी मुलखात याहून योग्य गाव सापडणार नाही. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणेशविसर्जनाच्या रात्रीनंतर पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी येथे ६.२ ते ६.४ क्षमतेचा भूकंप झाला. (जागतिक वेळेनुसार तेव्हा अजून २९ तारीख संपायची होती, त्यामुळे परदेशी याद्यांत हा भूकंप २९ सप्टेंबरचा म्हणून सापडतो. किल्लारीवर काही शोधणाऱ्याने दोन्ही तारखा पाहाव्यात.) किल्लारी, सास्तूर, मंगरूळ, तळणी, एकोंडी, होळी, राजेगाव अशी तेरणा नदीकाठची व आसपासची गावे कोसळली. मृतांचे आकडे आठ हजारांपासून दहा हजारांपर्यंत दिले जातात. बावन्न गावे नव्या जागी वसवावी लागली.

एवढ्या माफक क्षमतेच्या भूकंपात इतकी माणसे का गेली? आणि दख्खनच्या स्थिर समजल्या जाणाऱ्या पठारावर तो झालाच कसा? या दोन प्रश्नांची उत्तरे सरकारी खात्यांनी आणि प्रयोगशाळांनी शोधली खरी. पण ती एका जागी आली, तपासली गेली, छापली गेली आणि टिकली, याचे श्रेय पुष्कळसे व्यावसायिक संघटनांच्या कार्यालयांना जाते. बंगळुरूच्या जिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने १९९४ मध्येच लातूर भूकंपावर स्वतंत्र ग्रंथ काढला. तो तिच्या मेम्वार मालिकेतला ३५ वा. संपादक होते हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेचे तेव्हाचे संचालक हर्ष गुप्ता. अमेरिकेतील अर्थक्वेक इंजिनिअरिंग रिसर्च इन्स्टिट्यूट ही १९४८ साली स्थापन झालेली अभियंत्यांची सभासद-संघटना आहे. तिने सुधीर जैन, सी. व्ही. आर. मूर्ती आणि सहकाऱ्यांचा किल्लारीवरचा विशेष अहवाल जानेवारी १९९४ मध्ये आपल्या वार्तापत्राबरोबर सभासदांना पोहोचवला. भूकंपानंतर जेमतेम तीन-चार महिन्यांत!

असे काम आपत्तीनंतर कार्यालय थाटून होत नसते. पत्त्यांची यादी आधीपासून बिनचूक लागते. लेख कोणाकडून तपासून घ्यायचे हे माहीत असावे लागते, छापखान्यात उधारी चालावी लागते, आणि आदल्या वर्षाचा हिशेब मिटलेला असावा लागतो. किल्लारीवरचे ज्ञान लवकर उपलब्ध झाले, कारण कोणीतरी १९९२ साली कंटाळवाणी कामे वेळेवर उरकलेली होती.

पूर्वेतिहास. या पेशाचा आद्य पुरुष म्हणून हेन्री ओल्डेनबर्गचे नाव घ्यावे लागेल. लंडनच्या रॉयल सोसायटीचा तो सुरुवातीचा सचिव. युरोपभरच्या शास्त्रज्ञांशी पत्रव्यवहार ठेवणे हे त्याचे काम, आणि त्या पत्रांतूनच १६६५ मध्ये ‘फिलॉसॉफिकल ट्रॅन्झॅक्शन्स’ हे नियतकालिक त्याने स्वतःच्या जबाबदारीवर सुरू केले. परदेशी पत्रांच्या ढिगामुळे सरकारला संशय आला आणि १६६७ मध्ये त्याला टॉवर ऑफ लंडनमध्ये कैद भोगावी लागली. पत्रे लिहिली म्हणून तुरुंगात गेलेला दुसरा चिटणीस शास्त्राच्या इतिहासात सहजी आठवत नाही.

मुंबईत ही परंपरा बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत उत्तम रुजली. १५ सप्टेंबर १८८३ रोजी भायखळ्याच्या संग्रहालयात आठ जणांनी ती स्थापन केली. त्यांत दोन मराठी डॉक्टर होते : प्रार्थना समाजाचे पहिले अध्यक्ष डॉ. आत्माराम पांडुरंग आणि ग्रँट मेडिकल कॉलेजशी संबंधित वनस्पतितज्ज्ञ डॉ. सखाराम अर्जुन, डॉक्टर रखमाबाईंचे सावत्र वडील. संस्था स्थिरावली ती मात्र एच. एम. फिप्सन या मद्यव्यापाऱ्यामुळे. त्याने आपल्या दुकानाच्या जागेत तिला खोली दिली आणि १८८६ ते १९०६ अशी वीस वर्षे मानद सचिवपद सांभाळले. त्याच्यानंतर आलेले डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्यासमोर १९०८ मध्ये एक मुलगा पिवळ्या गळ्याची मेलेली चिमणी घेऊन उभा राहिला. मिलार्ड यांनी त्याला हाकलले नाही, संग्रहातले पक्षी दाखवले. तो मुलगा सालिम अली, आणि पुढे त्यांनीही त्याच संस्थेचे मानद सचिवपद भूषवले. दारात आलेल्या अनोळखी माणसाशी कसे वागावे, याचा कार्यवाहांसाठी याहून चांगला धडा नाही.

१९०७ साली स्थापन होऊन पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयाच्या आधाराने वाढलेली भारतीय गणितज्ञांची संघटना, १९२८ साली कोलकात्यात स्थापन झालेली इंडियन मेडिकल असोसिएशन आणि १९६२ साली रुरकीत प्रा. जयकृष्ण यांच्या पुढाकाराने निघालेली इंडियन सोसायटी ऑफ अर्थक्वेक टेक्नॉलॉजी ही याच मालिकेतली पुढची नावे.

बी. पी. राधाकृष्ण. किल्लारीचा ग्रंथ ज्या संस्थेने काढला तिच्या उभारणीत या माणसाचा वाटा सर्वांत मोठा. जिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडिया १९५८ मध्ये निघाली तेव्हा अध्यक्ष होते डी. एन. वाडिया, आणि सचिव होते म्हैसूर राज्याच्या भूविज्ञान खात्यातले अधिकारी राधाकृष्ण. वाडियांचे नाव भूविज्ञानाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत असते. राधाकृष्णांचे कर्नाटकाबाहेर थोड्यांना. खात्याच्या संचालकपदावरून निवृत्त झाल्यावर त्यांनी उरलेले आयुष्य जवळजवळ सगळे या संस्थेला आणि तिच्या नियतकालिकाच्या संपादनाला दिले. १९९१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०१२ मध्ये वयाची नव्वदी उलटल्यानंतर त्यांचे निधन झाले. शास्त्रज्ञाने कार्यवाह होणे म्हणजे संशोधनाला मुकणे, असे पुष्कळांना वाटते. राधाकृष्णांच्या बाबतीत ते खरे ठरले नाही; पण ते अपवाद होते हेही मान्य केले पाहिजे.

मराठीतली बाजू. म. ना. गोगटे यांच्या पुढाकाराने १९६६ मध्ये मुंबईत सुरू झालेली मराठी विज्ञान परिषद ही संशोधकांची संघटना नसून विज्ञानप्रसाराची आहे. पण कार्यवाहाचे पद किती काळ आणि किती चिकाटीने चालवता येते याचे मराठीतले उदाहरण तिथलेच : अ. पां. देशपांडे. मासिक पत्रिका, वार्षिक अधिवेशने, गावोगावचे विभाग आणि चुनाभट्टीचे विज्ञान भवन हा पसारा त्यांनी अनेक दशके मानद कार्यवाह म्हणून ओढला. इथे एक उणेही नोंदवले पाहिजे. किल्लारीचा मेम्वार इंग्रजीत, अमेरिकन अहवाल इंग्रजीत. ज्यांच्या धाब्याच्या घरांविषयी तो सारा मजकूर होता त्यांना तो वाचता येण्याजोगा नव्हता. घरे का पडली याचे उत्तर खरे तर किल्लारीच्या गवंड्याला पाच मिनिटांत समजेल असे आहे. मातीत रचलेल्या दगडी भिंतींचे आतले आणि बाहेरचे थर एकमेकांत गुंतलेले नव्हते, भिंतीच्या आरपार जाणारे दगड क्वचितच घातलेले होते, आणि वर माळवदाच्या मातीचे प्रचंड ओझे होते. लाकडी खणांची घरे भिंती ढासळूनही काही ठिकाणी उभी राहिली, कारण माळवद खांबांवर तोललेले होते. ही बांधणी पुढे त्याच अमेरिकन संघटनेने चालवलेल्या जागतिक घरबांधणी कोशात नोंदली गेली. तो कोशही इंग्रजीतच आहे.

वैद्यकीय संघटना. लातूर, उदगीर, नांदेड, अंबाजोगाई या मराठवाड्यातल्या रुग्णालयांच्या गावांत डॉक्टरांच्या संघटनेचा सचिव हा दवाखाना चालवणाराच डॉक्टर असतो. शेवटचा रुग्ण गेल्यावर रात्री दहाला तो सभेची सूचना पाठवायला बसतो. भूकंपाच्या पहाटे जखमींचा लोंढा लातूरच्या रुग्णालयांकडे वळला. त्यांत डॉ. अशोक कुकडे व सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये सुरू केलेले विवेकानंद रुग्णालयही होते. अशा वेळी कोणता अस्थिरोगतज्ज्ञ कुठे आहे, रक्तगट कोणाचा कोणता, भूल देणारे किती, हे तोंडपाठ असणारा माणूस म्हणजे शाखेचा सचिव. जखमा भरल्यानंतरचे काम लांबले. मराठवाड्यातल्या भूकंपाच्या मानसिक परिणामांचा अभ्यास पुण्याचे मनोविकारतज्ज्ञ (आणि नट) डॉ. मोहन आगाशे यांनी भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या पाठबळावर केला.

वैद्यकीय संघटनेच्या सचिवाला वैज्ञानिक संघटनेच्या सचिवापेक्षा दोन ओझी जादा. पहिले ओझे गुणांचे : महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे पाच वर्षांनी नोंदणी नव्याने करताना डॉक्टरला ३० श्रेयगुण दाखवावे लागतात, आणि ते परिसंवादांतून मिळतात. त्यामुळे गुणांपुरती सही करून जेवणाला थांबणारे सभासद ही प्रत्येक सचिवाची ओळखीची डोकेदुखी. दुसरे ओझे औषध कंपन्यांच्या पैशाचे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००९ च्या नियमदुरुस्तीने कंपन्यांकडून भेटी व प्रवासखर्च घेण्याला बंदी घातली ती डॉक्टरांवर आणि त्यांच्या संघटनांवरही. २०१६ मध्ये त्यातून ‘संघटना’ हा शब्द वगळण्यात आला. नियमाने दिलेली ही मोकळीक सचिवाची परीक्षा पाहणारी आहे. स्मरणिकेतली जाहिरात आणि व्याख्यानाचा विषय एकाच कंपनीने ठरवला तर तो दोष कंपनीपेक्षा सचिवाचाच मानावा.

कामाचे स्वरूप. महाराष्ट्रात अशी संस्था सामान्यतः १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली, अशी दुहेरी नोंदलेली असते. निवडणूक झाली की धर्मादाय आयुक्तांकडे बदल अर्ज जातो. तो मंजूर व्हायला इतका वेळ लागू शकतो की नव्या कार्यकारिणीची मुदत संपते आणि कागदावर जुनीच माणसे राहतात. मग बँक सह्या मानत नाही. गणपूर्ती झाली नाही म्हणून तहकूब केलेली सभा अर्ध्या तासाने त्याच जागी भरवण्याची तरतूद बहुतेक संस्थांच्या घटनांत असते, आणि बहुतेक वार्षिक सभा तिच्याच कृपेने पार पडतात.

पैशाच्या बाबतीत खरा सापळा आजीव सभासदत्वाचा. तरुण वयात एकरकमी वर्गणी भरलेल्या सभासदाला पुढची चाळीस वर्षे नियतकालिक पाठवायचे असते. ती रक्कम कायम निधीत ठेवून फक्त व्याज वापरायचे, हा नियम. अडचणीच्या वर्षी एखादा उत्साही पदाधिकारी निधीला हात घालतो आणि पुढच्या पिढीच्या टपालखर्चाची सोय संपते. जे कार्यवाह अशा वेळी सभेत उभे राहून नाही म्हणतात ते लोकप्रिय नसतात. अधिवेशनातून उरलेल्या रकमेत स्थानिक समितीचा वाटा किती आणि मूळ संस्थेचा किती, हे आधी लिहून न घेतल्याने तुटलेल्या मैत्र्या तर असंख्य.

पेशा म्हणून स्थिती. अमेरिकेत संघटना चालवणाऱ्यांचीच वेगळी संघटना १९२० पासून आहे, आणि या कामाची परीक्षा देऊन प्रमाणपत्र मिळवता येते. तिथे शास्त्रज्ञ नसलेला माणूसही तीस वर्षे एकामागून एक वैद्यकीय संघटनांचा कार्यकारी प्रमुख राहू शकतो. आपल्याकडे वरचे पद मानद, आणि खाली कार्यालयात एक पगारी व्यवस्थापक किंवा कारकून, अशी रीत आहे. अधिवेशने आता व्यवस्थापन कंपन्यांकडे जातात, सभासदनोंदणी संगणकावर गेली आहे, पण पूर्णवेळ प्रशिक्षित कार्यवाह ठेवणाऱ्या संस्था मोजक्याच. मानद पद्धतीत त्याग आहे, त्याबरोबर धोकाही. माणूस थकला की दफ्तर त्याच्या घरच्या माळ्यावर जाते.

किल्लारीनंतर. १९८४ च्या भूकंपमानकात किल्लारीचा परिसर पहिल्या, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या विभागात होता. २००२ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने ‘आयएस १८९३’ सुधारले. पहिला विभाग नकाशावरून काढून टाकण्यात आला आणि लातूरचा भाग तिसऱ्या विभागात गेला. हे मानक ठरवणाऱ्या समितीची यादी त्याच्या अखेरच्या पानांवर छापलेली आहे. तिच्यात खाती आणि प्रयोगशाळांबरोबर रुरकीची इंडियन सोसायटी ऑफ अर्थक्वेक टेक्नॉलॉजीही आहे, आणि यादीच्या तळाशी, एका ओळीत, सदस्य-सचिवाचे नाव आहे.