मजुमदार–घोष साखळीची कुळकथा

एकमेकांवर जोर लावणारे कण पुष्कळ असले की त्यांचं गणित सहसा अचूक सुटत नाही. अदमासावर भागवावं लागतं. जी मोजकी गणितं पुरती सुटली, त्यांतल्या एकाला दोन बंगाली आडनावं आहेत. त्याचा जन्म मात्र मुंबईचा, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतला.

चंचलकुमार मजुमदार कोलकात्याचे, जन्म १९३८चा. प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकून ते अमेरिकेत वॉल्टर कोन यांच्याकडे पीएच.डी.ला गेले आणि पुढे कुलाब्यात आले. दीपन घोष तिथले त्यांचे विद्यार्थी.

या दोघांच्या नावाच्या साखळीचं मूळ हायझेनबर्ग यांच्या १९२८च्या कल्पनेत आहे. अणूंची एक रांग, प्रत्येक अणूवर एक इलेक्ट्रॉन. इलेक्ट्रॉन एकमेकांना इतकं ढकलतात की जागचं कुणी हलत नाही. मोकळा राहतो तो फक्त स्पिन (इलेक्ट्रॉनची वर किंवा खाली रोखलेली इवलीशी चुंबकसुई), आणि तो शेजाऱ्याच्या उलट असेल तर ऊर्जा वाचते. हे गणित बेथे यांनी १९३१मध्ये सोडवलं. ही मूळ साखळी उष्णतेला फार हळवी: कितीही थोडी उष्णता दिली तरी तिच्यात हालचाल सुरू होते. म्हणून अतिशीत तापमानाला तिची उष्माधारकता तापमानाच्या सरळ प्रमाणात घटते.

मजुमदार आणि घोष यांनी विचारलं, स्पिनचं नातं शेजाऱ्यापलीकडच्या शेजाऱ्याशीही असेल तर? १९६९च्या त्यांच्या पहिल्या लेखात जास्तीत जास्त आठ कणांच्या साखळ्या अचूक तपासल्या आहेत. आठ स्पिन म्हणजे २५६ मांडण्या. एवढ्याशा साखळ्यांतून अनंत साखळीचा स्वभाव ओळखायचा, ही हिंमत मला मोठी वाटते.

दूरच्या नात्याचा जोर जवळच्याच्या बरोबर निम्मा धरला की गणित उलगडतं. मग सगळी ऊर्जा लागोपाठच्या तीन-तीन स्पिनांच्या त्रिकुटांत वाटता येते. त्रिकुटातल्या दोघांनी जोडी जमवून एकमेकांचा स्पिन पुरता फेडला, की ते त्रिकुट किमान ऊर्जेला पोचतं. आता रांगेतल्या बायकांनी दोघी-दोघींनी फुगडी धरली आहे असं समजा: लागोपाठच्या कोणत्याही तिघी घ्या, त्यांत एक फुगडी पूर्ण सापडतेच! म्हणजे एकाच मांडणीत सगळी त्रिकुटं समाधानी. जोड्या एक घर सरकवल्या तरी तेच, म्हणून किमान ऊर्जेच्या अवस्था दोन. मजुमदारांनी १९७०मध्ये याची स्वतंत्र मांडणी केली. इतकी स्वच्छ सिद्धता या विषयात विरळाच.

याचा उष्णतेवरचा परिणाम लख्ख आहे. जोडी फोडायला ठरावीक किमान ऊर्जा लागते. थंडीत तेवढी कुणाकडेच नसते, त्यामुळे उष्माधारकता सरळ रेषेत न उतरता घातांकी वेगानं शून्याकडे कोसळते.

मजुमदार नंतर कोलकात्याला परतले आणि सॉल्ट लेकमधल्या सत्येंद्रनाथ बोस केंद्राचे पहिले संचालक झाले. २०००मध्ये ते वारले.

साखळीचा वंश मात्र पुढे वाढला. १९८१मध्ये श्रीराम शास्त्री आणि बिल सदरलँड यांनी जोड्यांची ही युक्ती द्विमितीय जाळीत नेली, आणि १९९९मध्ये तशी जाळी स्ट्रॉन्शियम, तांबं आणि बोरॉनच्या एका ऑक्साइडात सापडली. दरम्यान १९९३मध्ये जपानी संशोधकांना तांबं-जर्मेनियमच्या ऑक्साइडात सुमारे १४ केल्विनच्या खाली स्पिन जोडीनं बसताना दिसले. तिथे दूरच्या नात्याचा जोर निम्म्याहून कमी आहे आणि अणूही जागचे थोडे सरकतात, त्यामुळे तो सख्खा नव्हे, चुलत वारस.