प्रवेश नियंत्रण, इलेक्ट्रॉनीय
इमारतीत वा तिच्या विशिष्ट भागात कोणी व केव्हा प्रवेश करावा हे ठरविणारी आणि त्याची नोंद ठेवणारी यंत्रणा. यामागील गरज जुनीच आहे. सिंदखेड राजा (बुलढाणा जिल्हा) येथील लखुजी जाधवांचा राजवाडा ज्या काळातील आहे, त्या काळी वाडे व गढ्या यांत ती दिंडी, अडसर आणि देवडीवरील पहारेकरी यांच्याद्वारे भागविली जाई. पहारेकऱ्याची ओळख हाच परवाना असे. कुलपामुळे हा अधिकार किल्लीत आला. मुंबईत अर्देशीर गोदरेज यांनी १८९७ मध्ये कुलपांचे उत्पादन सुरू केले. तथापि किल्ली हरवल्यास कुलूपच बदलावे लागते व दार कोणी उघडले ते कळत नाही.

हे दोष इलेक्ट्रॉनीय पद्धतीत टळतात. रेडिओ तरंगांद्वारे कार्ड ओळखून दार उघडण्याच्या योजनेचे एकस्व अमेरिकेत चार्ल्स वॉल्टन यांना १९७३ मध्ये मिळाले. वाचकयंत्र कार्डातील संकेतांक नियंत्रकाकडे पाठविते व तो नोंदीशी जुळल्यास विद्युत् कुलूप उघडते. कार्ड हरवल्यास त्याचा संकेतांक रद्द करणे पुरते. पुढे बोटांचे ठसेही वापरात आले. मात्र ठशाची नोंद परक्या हाती गेल्यास ठसा बदलता येत नाही.

विद्युत् चुंबकीय कुलूप वीजपुरवठा थांबताच सुटते, म्हणून त्यास विद्युत् घटमालेची जोड देतात. आग लागल्यास मात्र हा पुरवठाही आपोआप तुटून आतील माणसांना बाहेर पडता आले पाहिजे. पहारेकरी हे प्रसंग पाहून ठरवी. यंत्रणेत ते आधीच योजावे लागते.