वऱ्हाडातील बलोपासना
१८५३ साली निजामाच्या अंमलातून इंग्रजांच्या ताब्यात गेलेल्या वऱ्हाडात, अमरावती-अकोल्याच्या त्या काळ्याभोर मातीच्या, कपाशीच्या मुलखात, १९१४ साली वैद्य बंधूंनी ज्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा अमरावतीस पाया घातला, त्याची थोरवी माझ्या मते ही की, देशी तालमीतील बल आणि युद्धकौशल्य यांची त्याने फारकत होऊ दिली नाही. दंडबैठकांनी छाती-मांड्या भराव्यात, मल्लखांबाने पकड आणि पोट कसावे, आणि असा सिद्ध झालेला देह हौद्यातील मातीत प्रतिपक्ष्याशी भिडवून पारखावा, ही ती परंपरा. आजच्या मिश्र युद्धकलेच्या साधकानेही ती आदराने अभ्यासावी. ही परंपरा देशाबाहेरही पोहोचली: १९३६ साली मंडळाच्या पथकाने बर्लिनला, ऑलिंपिकच्या प्रसंगी, मल्लखांबासह आपले देशी खेळ परक्यांसमोर सादर केले.