एएसएलव्हीची चार उड्डाणं

इस्रोच्या अपयशाची गोष्ट म्हटली की आपल्याला एकच आठवते. १० ऑगस्ट १९७९ रोजी एसएलव्ही-३ बंगालच्या उपसागरात कोसळलं. सतीश धवन यांनी पत्रकारांसमोर जबाबदारी स्वतःवर घेतली. १८ जुलै १९८० रोजी यान यशस्वी झालं, तेव्हा मात्र त्यांनी कलामांना पुढे केलं. शाळेच्या स्नेहसंमेलनापासून कंपनीच्या ट्रेनिंगपर्यंत ही गोष्ट मी कितीतरी वेळा ऐकली आहे. ती खरी आहे आणि छानही आहे. पण तिच्यात अपयश आणि यश यांच्यामध्ये जेमतेम एक वर्ष आहे. मला तिच्या पुढची गोष्ट जास्त जवळची वाटते. तिच्यात सात वर्षं जातात, आणि ती भाषणांत कुणी सांगत नाही.

एसएलव्ही-३ जेमतेम ४० किलोचा उपग्रह नेऊ शकत होतं. पुढचं पाऊल म्हणून एएसएलव्ही आलं: १५० किलो वजन, सुमारे ४०० किलोमीटर उंची. ते आकार घेत होतं त्या काळात तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचे संचालक आपले वसंत गोवारीकर होते. नवं यान पूर्णपणे नव्यानं बांधण्याऐवजी एक हुशारी केली गेली. जुन्या यानाच्या पहिल्या टप्प्यासारख्याच दोन मोटर दोन्ही बाजूंना जोडायच्या. उड्डाणाच्या वेळी फक्त त्या दोन पेटतील, त्या विझत आल्या की हवेतच मधली मोटर पेटेल. कागदावर हे सोपं वाटतं.

२४ मार्च १९८७. बाजूच्या मोटर नीट जळल्या, मधली पेटलीच नाही. यान समुद्रात गेलं.

चौकशी झाली, दुरुस्त्या झाल्या. १३ जुलै १९८८ रोजी दुसरं यान निघालं. एका मिनिटाच्या आतच त्याचा तोल गेला आणि ते तुटलं. पुन्हा समुद्र.

एकदा पडलं तर लोक समजून घेतात. दुसऱ्यांदा पडलं की थट्टा सुरू होते. गरीब देशाला हे परवडतं का, हा प्रश्न तेव्हाही होता. सगळ्यात सोपा मार्ग होता घाईघाईनं तिसरं उडवून तोंड बंद करण्याचा. तिसरं उड्डाण झालं ते २० मे १९९२ रोजी. म्हणजे जवळपास चार वर्षांनी.

या चार वर्षांत काय झालं, ते मला सगळ्यात मोलाचं वाटतं. बाजूच्या मोटर विझत असताना आणि मधली पूर्ण जोर धरण्याआधी काही क्षण असे येत होते की यानाला सावरणारी ताकदच अपुरी पडायची. नेमकं त्याच सुमारास हवेचा दाब सर्वात जास्त असायचा. पहिल्या वेळी मधली मोटरच पेटली नव्हती, त्यामुळे हा दोष तेव्हा ठळकपणे समोर येणं कठीणच होतं. मग यानाला स्थैर्यासाठी पंख लावले. आणि मधली मोटर कधी पेटवायची हे आधी ठरवलेल्या सेकंदावर न सोडता, बाजूच्या मोटरचा जोर प्रत्यक्षात कधी ओसरतो ते मोजून यानानंच त्या क्षणी ठरवायचं, अशी व्यवस्था केली.

हे वाचलं तेव्हा मी लॅपटॉप मिटून गप्प बसलो होतो. कारण दोन वर्षांपूर्वी माझ्या एका बदलामुळे रात्री दीड वाजता आमची सेवा बंद पडली होती. एक प्रोग्राम दुसऱ्यासाठी ३० सेकंद थांबायचा आणि तो तयार आहे असं धरून पुढे जायचा. मी काय केलं? ३०चे ६० केले. सगळ्यांनी ‘हार मानली नाहीस’ म्हणून कौतुक केलं. तीन आठवड्यांनी सेवा त्याच जागी पुन्हा पडली. माझी जिद्द खरी होती, पण मी पुन्हा तीच चूक थोडी मोठी करून ठेवली होती.

तिसऱ्या एएसएलव्हीनं उपग्रह कक्षेत सोडला, पण ती कक्षा ठरल्यापेक्षा खालची होती आणि उपग्रह दोनेक महिन्यांत खाली आला. निम्मं यश म्हणा. मधल्या काळात, २० सप्टेंबर १९९३ रोजी, त्याहून कितीतरी मोठ्या पीएसएलव्हीचं पहिलं उड्डाणही फसलं. टप्पे वेगळे होताना मोठा हिसका बसला, आणि यान सावरणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये एक चूक होती. आज्ञेचं मूल्य ठरलेल्या कमाल मर्यादेबाहेर गेलं तरच ती वर यायची. नेहमीच्या चाचण्यांत अशा चुका लपून राहतात, हे माझ्या धंद्यातल्या कुणालाही सांगावं लागणार नाही.

४ मे १९९४ रोजी चौथं एएसएलव्ही पूर्ण यशस्वी झालं. त्याच वर्षी १५ ऑक्टोबरला पीएसएलव्हीही. आणि त्यानंतर एएसएलव्ही पुन्हा कधीच उडालं नाही.

सात वर्षं ज्याच्यासाठी रक्त आटवलं, ते यश मिळताच बंद! पण त्याची गरज संपली होती. बाजूच्या मोटर, उड्डाणात स्वतःची दिशा सुधारणारी यंत्रणा, यान उभंच जोडण्याची पद्धत हे सगळं एएसएलव्हीनं शिकवलं आणि पीएसएलव्हीच्या कामी आलं. २००८ साली चांद्रयान-१ आणि २०१३ साली मंगळयान पीएसएलव्हीनंच नेलं.

मला आता ‘प्रयत्न सोडू नकोस’ एवढं पुरत नाही. दुसऱ्यांदा पडल्यावर चार वर्षं थांबून, लोक हसत असताना, नेमकं कुठे तुटलं हे शोधत बसणं जास्त अवघड आहे. शिवाय ज्याच्यासाठी शोधलं, त्याला त्याचं फळ मिळेलच असंही नाही. ते पुढच्या कुणाला तरी मिळतं.

आमचा तो प्रोग्राम आता सेकंद मोजत नाही. दुसरा खरंच तयार झाला की त्याच्याकडून निरोप येतो, मग पुढे जातो. पुढच्या वर्षी ती सगळी यंत्रणाच बदलणार आहे, असं ऐकतो. मी मात्र कुठे तुटलं होतं ते दोन पानांत लिहून ठेवलंय.