न उलगडलेल्या लिपीची सूची

सिंधू लिपी वाचली, अशी वार्ता दर दोन-चार वर्षांनी आपल्या कानी येते. कोणी म्हणतो, ती भाषा संस्कृत. कोणी म्हणतो, द्राविडी. आपण उत्सुकतेने ऐकतो आणि थोड्याच दिवसांत ती वार्ता विरून जाते. एखादे वाचन जाहीर करणे सोपे असते. ते पारखून घ्यावयाचे तर सारे लेख एकत्र समोर हवेत. ती सोय ज्यांनी करून ठेवली, त्या इरावतम् महादेवन (१९३०–२०१८) यांच्या कार्याचा आज विचार करू.

महादेवन पेशाने पुरातत्त्वज्ञ नव्हते. १९५४ साली ते भारतीय प्रशासन सेवेत आले. सरकारी काम सांभाळून तमिळनाडूच्या गुहांतील ब्राह्मी लेखांचा त्यांनी अभ्यास केला आणि त्या क्षेत्रात नाव मिळविले. मग ते सिंधू लिपीकडे वळले. येथे अडचण निराळी होती. ब्राह्मी वाचता येत होती. सिंधू लिपीचे एक अक्षरही निश्चित ठाऊक नव्हते. दोन भाषांतला एकच मजकूर कोरलेला लेख सापडलेला नाही. शिवाय लेख अगदी आखूड. सरासरी पाच चिन्हेही नाहीत.

अशा वेळी करावे काय? ज्ञानेश्वरीची शब्दसूची ज्यांनी चाळली असेल, त्यांना उत्तर सहज कळेल. एखादा शब्द कोणकोणत्या ओवीत, कोणत्या शब्दाशेजारी आला आहे, हे अशी सूची दाखविते. महादेवन यांनी सिंधू लिपीसाठी हेच केले. १९७० साली जवाहरलाल नेहरू अधिछात्रवृत्ती मिळाल्यावर या कामाला वेग आला. गणकयंत्राला चित्र कळत नाही, अंक कळतो. म्हणून प्रत्येक चिन्हाला क्रमांक दिला गेला. आपल्या मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील गणकयंत्राचे साहाय्य मिळाले आणि १९७७ साली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने तो ग्रंथ प्रसिद्ध केला. २,९०६ लेख, ३,५७३ ओळी, १३,३७२ चिन्हस्थाने आणि ४१७ निरनिराळी चिन्हे त्यात नोंदविली आहेत. फिनलंडमध्ये आस्को पार्पोला आणि त्यांचे सहकारीही गणकयंत्राच्या आधारे असेच काम करीत होते.

या आकड्यांतून काय निघते? ४१७ ही संख्या वर्णमालेला फार मोठी आणि चिनी लिपीसारख्या शब्दचिन्हांच्या लिपीला फार लहान. म्हणजे काही चिन्हे शब्दांची व काही उच्चारांची असावीत, असा तर्क करता येतो. लेखनाची दिशा बहुतांशी उजवीकडून डावीकडे आहे. डाव्या टोकाला जागा न पुरल्याने दाटीवाटीने कोरलेली चिन्हे तीच साक्ष देतात. घटासारखे दिसणारे एक चिन्ह सर्वांत अधिक वेळा येते, आणि ते बहुधा लेखाच्या शेवटी. त्याचा अर्थ एका मुद्रेवर आपल्याला हवा तसा लावता येईल. पण तोच अर्थ शेकडो मुद्रांवर टिकवून दाखवावा लागतो. बहुतेक वाचने येथेच कोसळतात.

महादेवन यांचा स्वतःचा कल द्राविडी भाषेकडे होता आणि त्यांनी तो लपविला नाही. परंतु सूचीत त्यांनी चिन्हांना क्रमांक दिले, अर्थ दिले नाहीत. त्यामुळे ती सूची विरोधकांच्याही उपयोगी पडली. ही लिपी मुळी भाषेची नव्हेच, असे मत २००४ साली काही पाश्चात्त्य विद्वानांनी मांडले. २००९ साली राजेश राव, निशा यादव, मयंक वाहिया प्रभृतींनी याच सूचीच्या आधारे चिन्हांच्या क्रमाचे गणित मांडले. तो क्रम भाषांच्या क्रमाशी जुळता आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. महादेवन त्या निबंधाचे एक सहलेखक होते. त्यावरही आक्षेप आले आणि वाद मिटला नाही. पण दोन्ही बाजूंना बोलण्यासाठी एक समान आधार होता, ही गोष्ट लहान नव्हे.

महादेवन गेले तेव्हाही लिपी न उलगडलेलीच होती. उलगडा केल्याचे श्रेय मिळविण्यापेक्षा दुसऱ्यांना तपासता येईल असा पुरावा मांडून ठेवणे त्यांना अधिक मोलाचे वाटले असावे. त्यांच्या ग्रंथाची घडण तरी तेच सांगते. पुढच्या वेळी लिपी वाचल्याची वार्ता आली, की आपण एवढेच विचारावे : हे वाचन सूचीतल्या सर्व लेखांना लागू पडते काय?