त्वचा-रक्तवाहिनीदाह, औषधजन्य (हृद्‌रोगावरील औषधांमुळे होणारा)

औषधाविरुद्ध शरीराच्या प्रतिकारयंत्रणेची प्रतिक्रिया होऊन त्वचेतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांना सूज येण्याचा विकार. डॉक्टर याला व्हॅस्क्युलायटिस म्हणतात. हृद्‌रोग व रक्तदाबाच्या औषधांपैकी हायड्रॅलाझिन, फ्युरोसेमाइड, थायझाइड गटातील लघवीच्या गोळ्या, डिल्टियाझेम, वॉरफरिन व अमिओडॅरोन यांमुळे तो झाल्याच्या नोंदी आहेत. प्रमाण कमीच.

नवी गोळी सुरू झाल्यावर साधारण ७ ते २१ दिवसांत नडगीवर व घोट्याभोवती लाल-जांभळे, हाताला उंचवटा लागणारे ठिपके उठतात. त्यांवर काचेचा पेला दाबला तरी रंग जात नाही, कारण रक्त वाहिनीबाहेर पाझरलेले असते. पायांतल्या वाहिन्यांवर दाब अधिक, म्हणून ठिपके तिथेच जास्त. पुण्याजवळच्या चाकण-भोसरीच्या कारखान्यांत पाळीभर उभे राहणाऱ्यांना त्रास वाढतो. अ‍ॅस्पिरिन-क्लोपिडोग्रेलने येणारे काळेनिळे डाग सपाट असतात, तर अ‍ॅम्लोडिपिनने नुसते घोटे सुजतात. डेंग्यू, कावीळ ब व क आणि हृदयाच्या झडपांचा जंतुसंसर्ग यांतही असे ठिपके दिसू शकतात. त्यामुळे सगळा दोष गोळीवर टाकून मोकळे होता येत नाही.

निदानासाठी ताज्या, एक-दोन दिवसांच्या ठिपक्यातून त्वचेचा तुकडा तपासतात. लघवीची तपासणी टाळू नये. मूत्रपिंडालाही दाह पोचला का, हे तीच सांगते. संशयित औषध डॉक्टरांनी बदलले की बहुतेकांचे ठिपके काही आठवड्यांत विरतात. आजार तीव्र असल्यास स्टेरॉइड देतात.

खरा धोका ठिपके पाहून सगळ्याच गोळ्या परस्पर बंद करण्यात आहे. स्टेंट बसवलेल्याने क्लोपिडोग्रेल अचानक सोडल्यास स्टेंटमध्ये गुठळी होऊन जीवावर बेतू शकते. म्हणून पुण्यातील सांगवी फाट्यावरील औंध जिल्हा रुग्णालयात किंवा आपल्या डॉक्टरांकडे जाताना कोणती गोळी कधी सुरू झाली, हे तारखांसह लिहून न्यावे. गोळ्यांची पट्टी कापून घेतल्यावर औषधाचे नाव व बॅच क्रमांकाचा भाग अनेकदा दुकानातच राहतो. तो मागून घ्यावा.

औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून सुरू असून त्याचे केंद्र गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगात आहे. रुग्ण स्वतःही १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर दुष्परिणाम कळवू शकतो, आणि त्याने तो जरूर कळवावा.